दगडांचं सोवळं

बेंगळुरूच्या दुकानदारावर मी पहिल्या दिवसापासून संशय घेतला. खाऱ्या पाण्याच्या फिश टँकसाठी त्यानं पाठवलेले दगड जरा जास्तच पांढरे होते. प्रवाळाचा वाळलेला दगड व्हिनेगर टाकल्यावर फसफसतो, असं वाचलं होतं. एकेका दगडावर थेंब टाकून पाहिला. सगळे फसफसले. तरी समाधान होईना, कारण संगमरवरही फसफसतो.

ब्रशनं एकेक भोक घासून ते दगड मी विजयनगरच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत, मिठाच्या पाण्याच्या टबात बुडवून ठेवले. त्यांतली जुनी घाण पाण्यात उतरून संपेपर्यंत, महिना दोन महिने तरी, ते टँकमध्ये रचायचे नव्हते. घरात बजावून सांगितलं, "हा आता समुद्र आहे. दगडांना कुणी हात लावायचा नाही."

बायको हसली. "तुमच्या दगडांचंही मडी सुरू झालं म्हणायचं!" आमच्याकडे सोवळ्याला कानडीतलं मडी म्हणतात, आणि आईच्या मडीची मी आयुष्यभर टिंगल केली आहे.

तपासायच्या नळीत पाणी निळं झालं, की घाण आहे असं समजायचं. तीन आठवडे निळा रंग फिका होत गेला. चौथ्यात एकदम गडद. दुकानदाराला फोनवर झापलं, पाणी बदललं, पुन्हा गडद. मग बायकोवर नजर गेली. भांड्यांचा साबण तर नाही ना? तिनं मला कोपरापासून हात जोडले.

राहिली आई. टबात काही टाकतेस का, असं विचारायला हवं होतं. मी विचारलं, "दगडांना हात लावलास?"

"मुट्टलंसुद्धा नाही रे, देवराणे!"

शिवले नाही, देवाची शपथ! आणि मला ती खोटी वाटली. चौऱ्याहत्तर वर्षांची ही बाई, जिनं मला खोटं बोलल्याबद्दल उपाशी झोपवलं होतं, ती दगडांसाठी देवाची खोटी शपथ घेते, या विचारानं मला जेवण जाईना. दगड काय, दुसरे मिळाले असते. आईच्या शब्दावरचा विश्वास उडाला तर तो कुठून आणायचा?

तरीही मी पेन्सिलीनं टबावर पाण्याची रेघ मारली. पाणी आटायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी रेघ बुडालेली होती.

चौथ्या दिवशी सकाळी मी दाराआड उभा राहिलो. पन्नाशीचा माणूस, आईवर पाळत ठेवत होतो. पूजा आटोपून ती आली. हातातल्या ताम्हनात देवांच्या अंघोळीचं पाणी, त्यात पंचामृताचं दूध आणि कुंकवाची लाली. टबापासून हातभर लांब थांबून तिनं कोपर उचललं आणि सोवळ्यातल्या माणसाला वाढावं तशी, कशालाही न शिवता, वरून धार धरली.

"शपथ घेतली होतीस तू!" मी ओरडलो. ताम्हन हिंदकळलं.

"मुट्टलं नाही, अल्वा, नाही ना? वरून घातलं," ती म्हणाली. "देवाचं पाणी पायदळी येऊ नये. तुळस खाली अंगणात. पायऱ्या उतरवत नाहीत मला आता. तू समुद्र म्हणालास. मत्ते, मग समुद्राहून चांगली जागा कुठली?"

तिच्या दुखऱ्या गुडघ्यांचं मला माहीतच नव्हतं. मी काही बोलणार तोच तिनं माझ्यामागच्या दाराकडे पाहिलं.

"तिथं उभा होतास?"

मी मान डोलावली. ताम्हनातलं उरलेलं पाणी सांभाळत ती आत गेली.

तुळस वर आणली. दगड पुन्हा घासले, पुन्हा भिजवले, आणि परवा एकदाचे टँकमध्ये रचले. दोन ढीग, मधून मासा पोहून जाईल एवढी वाट. चिकटवलेला एकेक सांधा मी हलवून पाहिला. पाणी आता नितळ आहे.

काल आईनं फ्रिज उघडायच्या आधी मला हाक मारली. "दूध घेऊ का रे?" चेष्टा करते आहे असं वाटून मी हसलो. ती हसली नाही. मी घे म्हणेपर्यंत, स्वतःच्या घरात, रिकामं पातेलं धरून ती तिथंच उभी राहिली.