आत्याची पिकअप आणि डिझेलमधलं पाणी

आमची आत्या चिडली की ओरडत नाही. तिचा आवाज उलट खाली जातो आणि समोरच्याला घाम फुटतो. त्या उन्हाळ्यात तिचा आवाज बहुतेक वेळ खालीच होता.

आत्या बर्फ पोचवते. कारखान्यातून लाद्या उचलायच्या, भुसा टाकून ताडपत्रीत गुंडाळायच्या आणि मासळी बाजारात नेऊन उतरवायच्या. गाडी म्हणजे जुनी डिझेल पिकअप, आतोबांनी उमेदीची सगळी वर्षं चालवलेली. आतोबांची कंबर गेली तेव्हा जो तो म्हणाला, आता विकून टाका. आत्या किल्ली घेऊन खाली उतरली, गाडी सुरू केली आणि बर्फ आणायला निघून गेली. विषय संपला.

पण मग पिकअप अडायला लागली. सपाट रस्त्यावर बरी चालायची, पुलाचा चढ लागला की झटके खायची, पांढरा धूर ओकायची आणि मध्येच मान टाकायची. मागे हॉर्नचा कल्लोळ. लाद्या वितळून फळ्यांच्या फटींतून पाणी रस्त्यावर गळायचं. एकदा एकाने काच खाली करून विचारलं, "बाई, जमत नाही तर कशाला बसता स्टिअरिंगवर?" आत्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने काच वर घेतली.

मिस्त्री आतोबांचा जुना दोस्त. त्याने बॉनेट उघडून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "वहिनी, इंजिनाला डिझेल नीट पोचत नाहीये." त्याने फिल्टर बदलला. पाइपातून हवा शिरत असेल म्हणून क्लिपा आवळल्या, हातपंप मारून आतली हवा काढली. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग त्याने इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढले. टोकांवर गंज.

"आता इंजिनाचा पंपच उघडावा लागेल," तो म्हणाला.

आत्याचा आवाज खाली गेला. "भावजी, दर वेळी नवं दुखणं कसं हो सापडतं तुम्हाला? गाडी दुरुस्त करताय की गिऱ्हाईक टिकवताय?"

मिस्त्रीने हात पुसले. "आजवर माझ्यावर असा आळ कोणी घेतला नाही. गाडी घेऊन जा, वहिनी."

घरी आल्यावर तिने तावातावाने सगळं सांगितलं. आतोबा खाटेवर आडवे होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याला बोललीस ते वाईट केलंस. पण मला सांग, सदा डिझेलमध्ये बुडालेल्या वस्तूला गंज चढेल कसा?"

आत्या जिना उतरून परत गाडीपाशी गेली. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून तिने काचेच्या बरणीत डिझेल सोडलं आणि बरणी पायरीवर ठेवली. थोड्या वेळाने बरणीत सरळ रेघ उमटली. वर पिवळसर डिझेल, खाली पाणी.

पहिला संशय तिला स्वतःच्याच बर्फाचा आला. तिने टाकी उतरवून धुऊन वाळवून घेतली, झाकणाचं रबर नवीन बसवलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या पंपावर डिझेल भरलं. आठवडाभर बर्फ वाहिला. पिकअप पूल असा चढायची की जणू वय उतरलं. फिल्टरखाली पाण्याचा टिपूस नाही. मग तिने मुद्दाम नेहमीच्या पंपावर टाकी भरली. दुसऱ्याच दिवशी पिकअप पुलावर बंद. बरणीत पुन्हा रेघ.

तशीच बरणी घेऊन ती पंपाच्या मॅनेजरपुढे जाऊन उभी राहिली. तो गार केबिनमध्ये बसला होता, उठलाही नाही.

"मॅडम, तुम्ही बर्फ वाहता ना? मग पाणी जाणारच."

"आठवडाभर दुसरीकडचं भरलं, तेव्हाही बर्फच वाहत होते. तेव्हा नाही गेलं ते?"

"जुनी गाडी आहे हो तुमची."

"गाडी जुनी आहे. डिझेल तर आजचं आहे ना? माझ्यादेखत या बरणीत काढून दाखवा."

"बरणीत देत नाही आम्ही. नियम आहे."

आत्या बाहेर आली. पिकअप डिझेलच्या नळीपाशी आडवी लावली, किल्ली काढून मुठीत धरली आणि पायदानावर बसली. मागे रांग लागली. शिव्या घालत ड्रायव्हर उतरले, बरणी पाहून तिच्याभोवती जमले. शाळेच्या बसचा ड्रायव्हर पुढे झाला. "परवा माझी बस मुलांसकट चौकात बंद पडली. मालकाने मला झापलं, तुला गिअर टाकता येत नाही म्हणून." मग एकेक जण बोलायला लागला. कोणी मेकॅनिक बदलला होता, कोणी भावाशी भांडला होता.

नळीवरच्या कामगाराने केबिनकडे एकदा पाहिलं आणि बरणी घेऊन रिकामी केली. भरली. सगळ्यांसमोर रेघ उमटली.

मॅनेजर आता धावत आला. "थोडा ओलावा असेल."

"ओलावा?" आत्या इतक्या हळू म्हणाली, की मागच्यांना पुढे सरकावं लागलं. "डिझेलमध्ये पाणी आहे, असं म्हणा."

त्याने ते काही केल्या म्हटलं नाही. कामगाराने मात्र गाड्या धुतात तिथे सगळ्यांना नेलं. जमिनीखालच्या टाकीचं झाकण फुटलेलं होतं आणि धुण्याचं पाणी थेट आत जात होतं. झाकणावर गोणपाट अंथरून वर वीट ठेवलेली. म्हणजे यांना ठाऊक होतं! ठाऊक असून रोज "गाडी जुनी आहे" म्हणत होते.

ड्रायव्हरांनी तक्रार केली, पंपाला टाळं लागलं. झाकण बसवून, रंग लावून तो पुन्हा उघडलाही. मॅनेजर तोच.

आत्या मिस्त्रीकडे गेली. "भावजी, चुकलं माझं."

त्याने मान वर केली नाही. "गाडीचा पंप उघडतो. पाण्याने आतून खाल्ला असेल," एवढंच म्हणाला. काम चोख केलं. आतोबांशी तो पूर्वीसारखाच तासन्‌तास गप्पा मारतो, पण आत्याशी अजून कामापुरतंच बोलतो. बर्फ वाया गेला, लोक पुलावर नाही नाही ते बोलले, ते सगळं ती विसरली असती. पण भावजी दुरावले याची भरपाई कोण करणार, असं ती विचारते, आणि तिचा आवाज पुन्हा खाली जातो.