आंधळ्यावरचा आगेवाला

नगरच्या माणसाला गोल्फ म्हटलं की एक तर हसू येतं, नाही तर राग. पण शहराबाहेरच्या माळावर एक जुनं गोल्फ मैदान आहे, आणि त्याची गंमत अशी की त्यावर हिरवळ औषधालासुद्धा नाही. बाभळी आहेत, कुसळं आहेत, मुरूम आहे, वर्षातून आठ दिवस वाहणारा एक नाला आहे. जगात सगळीकडे चेंडू शेवटी ज्या हिरव्या गालिच्यावरच्या भोकात घालतात, त्याच्या जागी इथं तेल पाजलेल्या वाळूचं गोल अंगण असतं. त्याला 'ब्राऊन' म्हणतात. आलेला पाहुणा पहिल्यांदा नाक मुरडतो आणि मग दहा-बारा चेंडू बाभळीत घालवून गप्प होतो.

या मैदानावर गिदोन भिंगारदिवेनं चाळीस वर्षं काढली. तो आगेवाला. म्हणजे खेळणाऱ्याच्या पुढं जाऊन उभं राहायचं, चेंडू कुठं पडला ते टिपायचं आणि पुढं माणसं असतील तर खेळणाऱ्याला थांबवायचं. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो केडगावहून सायकलवर पहिल्यांदा आला आणि मग माळाचाच झाला. कुसळात रुतलेला चेंडू तो शंभर पावलांवरून दाखवायचा. त्यामुळं सगळे त्याला 'दुर्बीण' म्हणत. चर्चमध्येसुद्धा पाळकसाहेबांचा चष्मा हरवला की आधी गिदोनला हाक जायची.

तर ही दुर्बीण दोन वर्षांपासून बिघडली होती, आणि ते जगात तिघांनाच ठाऊक होतं. एक गिदोन, दुसरी त्याची बायको मरिया आणि तिसरे डोळ्यांचे डॉक्टर.

सुरुवात चहापासून झाली. कुणीतरी बाजूनं चहाचा ग्लास पुढं केला, तो गिदोनला दिसलाच नाही. मग एकदा पुणे रस्त्यावर डाव्या अंगानं टेम्पो आला, तो थेट हँडलला घासून गेल्यावरच कळला. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, काचबिंदू आहे. समोरचं दिसेल, कडेचं जात राहील. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांवर राखायचं. गिदोनला समोरचं अजून लख्ख दिसायचं, पण एखाद्या नळीतून बघावं तसं. नळीच्या बाहेर काय आहे, हे देवालाच माहीत.

त्या दिवसापासून भीती त्याच्या घरात राहायला आली. सायकल तो हातात धरून चालत न्यायचा. कुणी विचारलं तर "पंक्चर हाय" म्हणायचा. दोन वर्षं रोज पंक्चर होणारी सायकल नगर जिल्ह्यात दुसरी नसेल. मैदानावर त्यानं एक युक्ती काढली होती. उभं राहिलं की मान सारखी डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं फिरवत ठेवायची, म्हणजे नळी सगळीकडून फिरून येते. लोकांना वाटायचं, काय लक्ष आहे या माणसाचं! बॅगा उचलणाऱ्या कॅडींना कामं वाटून देणारा कॅडी-मास्तर आसाराम तर नव्या पोरांना सांगायचा, "गिदोनभाऊंसारखी मान फिरती पायजे." झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती दोन वर्षं झाकून धरली की हात थरथरायला लागतो.

काम सोडून का दिलं नाही, असं कुणीही विचारील. मरियानंही विचारलं होतं. गिदोन म्हणाला, "आगेवाल्याची नजर गेली तर मागं काय ऱ्हातं गं?" दारापाशी प्लास्टिकची एक लाल खुर्ची होती. त्या खुर्चीची त्याला टेम्पोपेक्षा जास्त भीती वाटायची. एकदा का तिच्यात बसलो की लोक आपल्याला हाताला धरून उठवणार, हे त्याला दिसत होतं. ते मात्र स्वच्छ दिसत होतं.

मैदानाची वार्षिक स्पर्धा रविवारी होती. शनिवारी सकाळी सावेडीची राजनंदिनी स्कूटरवर आली. कॉलेजात शिकणारी, खेळात चांगली, पण या माळाला घाबरलेली. तिनं गिदोनला मैदान समजावून सांगायला बरोबर घेतलं.

"काका, इथं जिंकायचं कसं?"

"जितायचं मागून बघू, ताई. आधी हरायचं कुठं न्हाई ते बघा," गिदोन म्हणाला. "झेंडा समद्यांनाच दिसतो. झेंड्यानं कुनाचा खेळ मोडत न्हाई, बाजूच्या नाल्यानं मोडतो. आधी वाईट जागा हुडका, मंग नेम धरा."

राजनंदिनी हसली. गिदोन हसला नाही. आपण काय बोललो, ते त्याचं त्यालाच लागलं होतं.

तो पुढं सांगत राहिला. नऊनंतर पश्चिमेचं वारं उठतं, तेव्हा एक नंबर मोठी स्टिक घ्या. ब्राऊनवर चेंडू थेट टाकू नका, अलीकडं टप्पा पाडून घरंगळत येऊ द्या. "आन बाभळीत गेला तर हुशारी करायची न्हाई. फांदीच्या फटीतनं काढतो म्हननारे लई साहेब बघितले. सात-सात फटके तितंच घालवत्यात. सरळ अनपेबल म्हना, एक दंड घ्या आन बाहेर या."

अनपेबल म्हणजे 'अनप्लेएबल'. चेंडू खेळता येण्यासारखा नाही, असं कबूल करायचं, एका फटक्याचा दंड सोसायचा आणि तो मोकळ्या जागी टाकून खेळायचा. कॅडींच्या तोंडात त्या शब्दाची ही अशी गत झाली होती.

"तुम्हीच सांगा ना मला, कधी म्हणायचं ते," राजनंदिनी म्हणाली.

"कॅडीला ते म्हनता येत न्हाई, ताई. ज्याचा चेंडू त्यानंच म्हनायचं, असा कायदाच हाय. मी आपला तुमच्या तोंडाकडं बघत ऱ्हानार."

चालता चालता तिनं सहज विचारलं, "काका, तुम्ही सारखी मान का फिरवता?"

गिदोननं मान तिथंच थांबवली. "सवय," तो म्हणाला.

रविवारी सकाळी मरियानं डोळ्यांत थेंब घातले आणि त्याची हनुवटी तशीच धरून ठेवली. "आज नका जाऊ."

"आज न्हाई गेलो तर आसाराम इचारील."

"मंग सांगा की त्याला."

गिदोननं टोपी घातली आणि पंक्चर नसलेली सायकल हातात धरून निघाला. वाटेत तो मनात एकच म्हणत होता, प्रभू, राजनंदिनीची नाहीतर कुणाची तरी बॅग उचलायला मिळू दे, उभं राहायचं काम नको. आसारामनं यादी वाचली आणि म्हणाला, "गिदोनभाऊ, तुमी आंधळ्यावर. आज तितं दुसरा कुनी चालायचा न्हाई."

आंधळा म्हणजे सातवं होल. मारायच्या जागेसमोरच एक टेकाड आहे, आणि ब्राऊन टेकाडापलीकडं. खेळणाऱ्याला फक्त टेकाड दिसतं आणि त्यावर उभा असलेला आगेवाला. त्याच्या हातात दोन झेंडे. लाल वर केला की थांबायचं, हिरवा केला की मारायचं. खेळणारा तिथं आंधळाच असतो, आगेवाल्याच्या डोळ्यांनी बघतो. गेली दोन वर्षं गिदोन काही ना काही निमित्त काढून ते टेकाड टाळत आला होता. आसाराम त्याच्याच हाताखाली तयार झालेला. त्याला नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

तो टेकाडावर चढला. समोर ब्राऊन दिसत होतं, झेंड्याची काठी दिसत होती. उजवीकडं नाला आहे, एवढं त्याला पाठ होतं. दर वेळी तो मान फिरवायचा, दोनदा, तीनदा, आणि विहिरीत उडी टाकल्यासारखा हिरवा वर करायचा. चेंडू डोक्यावरून जायचा. पलीकडं मातीत पडल्याचा आवाज आला की त्याचा श्वास सुटायचा. असे दहा-बारा जण गेले. तो झेंड्याची काठी सदऱ्याला पुसत होता.

मग खाली राजनंदिनी आली. गिदोननं मान फिरवली. डावीकडं काही नाही. समोर ब्राऊन मोकळं. उजवीकडं नाल्याचा काठ, वाळलेलं गवत. ऊन डोळ्यांत आलं, त्यानं पापणी मिटली आणि मान परत सरळ आणली. त्यानं हिरवा वर केला.

चेंडू उजवीकडं वळला, हे त्याला आवाजावरून कळलं. आणि मग नाल्याकडून एक आवाज आला.

टण्ण!

त्या बाजूला लोखंडाचं काहीच नव्हतं. नसायला हवं होतं.

"कोन हाय?" गिदोन ओरडला. "कोन हाय तितं?" उत्तर आलं नाही. तो झेंडे हातात धरूनच उतारावरून धावला, पडला, उठला. नळी इकडं फिरव, तिकडं फिरव, नुसतं गवत आणि गवत. आयुष्यात एवढी भीती त्याला कधी वाटली नव्हती. मेलं कुणीतरी. माझ्या हातून मेलं.

"दादा," अगदी बाजूनं आवाज आला.

त्यानं मान वळवली तेव्हा कडूबाई दिसली. मैदानावर गवत काढणारी, पंधरा वर्षांच्या ओळखीची कडूबाई, नाल्यात बसकण मारून बसली होती. उन्हासाठी तिनं घमेलं डोक्यावर पालथं घातलं होतं. ते आता शेजारी पडलं होतं, आणि त्याला मुठीएवढा खळगा पडला होता. कडूबाईनं स्वतःचं डोकं चाचपलं आणि तिला वेड्यासारखं हसू फुटलं. हसता हसता ती रडायला लागली.

तेवढ्यात राजनंदिनी पळत आली, पाठोपाठ आसाराम. राजनंदिनीचे ओठ पांढरे पडले होते. "मी हिरवा बघूनच मारला," ती म्हणाली. "काका, हिरवाच होता ना?"

"हिरवाच हुता," गिदोन म्हणाला.

आसाराम कडूबाईवर कडाडला. "खेळ सुरू झाल्यावर मैदानात कुनी उतरायचं न्हाई, सांगितलं हुतं का न्हाई? आज कुनाचा जीव गेला असता म्हंजी? उद्यापासून येऊ नको कामाला."

"वाईच ऱ्हायलं हुतं, पाच मिनटाचं," कडूबाई डोळे पुसत म्हणाली. "आन मी हात केला हुता दादांना. त्यांनी मान हलवली. मान हलवली म्हंजी, बस तू, मी लाल धरतो; असंच हाय ना आपल्यात? म्हनून मी बसले."

तिचं खरं होतं. टेकाडावरच्या माणसाला हात करायचा आणि त्यानं मान डावी-उजवी हलवून 'बघितलं' म्हणायचं, ही मैदानावरची जुनी रीत. गिदोननं नळी फिरवली होती, आणि कडूबाईनं तिला होकार समजून आपलं डोकं त्याच्या भरवशावर सोडलं होतं.

"गिदोनभाऊ बघून हिरवा करतील व्हय?" आसाराम म्हणाला. "दुर्बीण हाय ती. खोटं बोलू नको, बाई."

आता गिदोननं फक्त गप्प राहायचं होतं. कुणीच त्याला काही विचारत नव्हतं. कडूबाई घरी गेली असती, तो उद्या परत मान फिरवत उभा राहिला असता. त्याला ती लाल खुर्ची आठवली. फांदीच्या फटीतून चेंडू काढायला एवढी चांगली फट पुन्हा मिळणार नव्हती.

त्यानं मान वर केली तर समोर, नळीच्या बरोबर मधोमध, राजनंदिनी होती. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"आसाराम," गिदोन म्हणाला. "माझा अनपेबल हाय."

"कसला चेंडू, भाऊ? खेळताय कुठं तुमी?"

"चेंडू न्हाई रं. नजर. कडेचं दिसत न्हाई मला. दोन वरसं झाली. ती खरं बोलती. तिनं हात केला असंल, मला दिसला न्हाई."

कडूबाईनं रडणं थांबवलं. आसारामला ते खरं वाटेना. चेष्टा समजून तो हसणार होता. मग काहीतरी मनात येऊन तो गिदोनच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि झेंडे घ्यायला त्यानं हळूच हात पुढं केला.

गिदोन समोर बघत राहिला. आसारामचा हात तसाच हवेत राहिला, कितीतरी वेळ.

शेवटी कडूबाई उठली. तिनं गिदोनचं मनगट धरलं, ते डावीकडं नेलं आणि झेंडे आसारामच्या हातात दिले. "उद्या टायमावर ये," आसाराम तिला कसंबसं म्हणाला. टेकाडापलीकडं पुढचा खेळाडू हिरव्याची वाट बघत ताटकळला होता.