निःपक्षपाती साडू

चहाच्या कपाकडे लाच म्हणून पाहणारा माणूस अख्ख्या ब्रिटनमध्ये एकच आहे, आणि ते माझे साडू आहेत. निवडणुकीत कोणी किती खर्च केला, पैसा कुठून आला, देणारा खरा की बनावट, यावर डोळा ठेवणारी एक सरकारी कचेरी लंडनमध्ये आहे. साडू तिथे नोकरीला. कॉव्हेंट्रीहून ट्रेनने जातात आणि संध्याकाळी परततात. बाकीची माणसं नोकरी करून घरी येतात. हे नोकरी सोबत घेऊनच घरी येतात. त्यामुळे त्यांच्या घरात पाऊल टाकताना मला नेहमी आपण कुठल्यातरी पक्षाचे खजिनदार आहोत आणि आपलं काहीतरी चुकलंय असं वाटतं.

त्यांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला देव्हाऱ्यापुढे कोणीतरी चांदीची वाटी ठेवली. नाव नाही, गाव नाही. दुसरा कोणी वाटी फडताळात ठेवून मोकळा झाला असता. साडू ती हातात उंच धरून, पंगत बसलेली असताना, हॉलच्या मधोमध उभे राहिले. "निनावी देणगी आम्हाला ठेवून घेता येत नाही. देणाऱ्याने पुढे यावं." कोपऱ्यातल्या खुर्चीतून त्यांच्या सासूबाई, म्हणजे माझ्याही सासूबाई, कडाडल्या, "मी ठेवली, जावईबापू! आता काय पोलिसात देताय?" साडूंचा चेहरा आणखीच पडला. "आई, तुमचा पत्ता पुण्याचा. म्हणजे ही परदेशी देणगी." वाटी सासूबाईंच्या बॅगेतून पुण्याला परत गेली. पुढच्या खेपेला त्या आल्या तेव्हा माझ्यासाठी चांदीचा पेला घेऊन आल्या, आणि मी तो कसलीही चौकशी न करता घेतला. सासूबाईंच्या मते दोन्ही जावयांत शहाणा कोण, हे त्या दिवशी ठरलं.

छापील कागद हा त्यांचा दुसरा शत्रू. निवडणुकीच्या पत्रकावर ते कोणी छापलं आणि कोणासाठी छापलं हे लिहावं लागतं, असा इथला कायदा. साडूंनी तो टेकअवेच्या मेनूलाही लावला. आमच्या पुतण्याची लग्नपत्रिका त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाले, "'आमच्या येथे श्रीकृपेकरून' म्हणजे कृपा श्रींकडून आलेली दिसते. आणि निमंत्रक 'समस्त परिवार'. समस्त म्हणजे नेमकं कोण? उद्या काही झालं तर नोटीस कोणाला पाठवायची?" आम्हीही कॉव्हेंट्रीत राहत होतो तेव्हा एकदा छपराच्या पन्हळीतली पानं काढायला त्यांनी माझी शिडी नेली. परत आणून देताना म्हणाले, "भाड्याने आणली असती तर काय पडलं असतं ते बघून ठेवलंय, तेवढ्याची वाइन आणलीये." मी म्हटलं, "अहो, घरचीच शिडी, फुकट होती!" त्यावर त्यांनी माझ्याकडे शिक्षक ढ मुलाकडे पाहतात तसं पाहिलं. "फुकट असं काही नसतं साडूभाऊ. नुसतं जाहीर न केलेलं असतं."

अशा माणसाची एकुलती एक मुलगी सई कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा आम्ही सगळे टाळ्या वाजवून मग एकदम गप्प झालो. सई तिथल्याच हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट. तिच्या म्हाताऱ्या पेशंटांची बस बंद होणार होती, त्या रागातून ती उभी राहिली. साडूंनी दुसऱ्याच दिवशी ऑफिसात कळवलं की माझी मुलगी उमेदवार आहे, तिच्या कसल्याही कामाशी माझा संबंध नसावा. तिथवर ठीक होतं. पण संबंध त्यांनी घरातही तोडला. ती दारोदार हिंडून घरी आली की हे हवामानावर बोलायचे. मेव्हणीने, म्हणजे सईच्या आईने, खिडकीत लेकीचं पोस्टर लावलं तर म्हणाले, "घर दोघांच्या नावावर आहे. पोस्टर तुझ्या अर्ध्या भागात लाव." आणि आपल्या अर्ध्या भागाचा पडदा ओढून घेतला. सईचं आडनाव पडद्याआड गेलं.

मी लीड्सहून फोन केला की सई म्हणायची, "काका, बाबा मला एकदा पण गुड लक नाही बोलला. एकदा पण. शेजारचा अंकल बोलतो, पोस्टमन बोलतो. ह्याला काही फरकच नाही पडत का?" मी नियम समजावायला लागलो की म्हणायची, "नियम मला पण माहितीये, काका. मी मत नाही मागत त्याच्याकडे." ती हसत म्हणायची, पण शेवटी शेवटी हसू जरा कमी पडायला लागलं.

आणि मग आला चैत्र. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आणि कौन्सिलची निवडणूक ही दोन्ही एकाच सुमाराला येतात, हे मेव्हणीच्या गावीही नव्हतं. तिने दरवर्षीसारखं ओळखीच्या सगळ्या बायकांना बोलावलं, मला आणि माझ्या बायकोला कैऱ्या किसायला बसवलं आणि सईच्या हातात पन्ह्याचा ट्रे दिला. सई नऊवारी सावरत पेले वाटत होती. तेवढ्यात साडू लवकरच्या ट्रेनने घरी पोचले. दारातच त्यांची बॅग गळून पडली.

"थांबा! कोणी पिऊ नका!"

एका काकूंच्या ओठाला लागलेला पेला तसाच राहिला. मतदारांना खाऊपिऊ घालून मत वळवणं हा इथे गुन्हा आहे, आणि साडूंना तो आपल्याच दिवाणखान्यात, गौरीच्या साक्षीने घडताना दिसत होता. "तुम्ही याच वॉर्डातल्या?" त्यांनी काकूंना विचारलं.

"अहो, पलीकडच्या गल्लीत तर राहते मी!"

"मग पेला ठेवा. आणि तुम्ही?"

"मी केंब्रिजची. लेकीकडे आलेय."

"तुम्ही प्या."

"अहो, गौरीचं पन्हं आहे ते!" मेव्हणी स्वयंपाकघरातून ओरडली.

"मग गौरीला दे! तिचं नाव मतदार यादीत नाही!"

बायका हसायला लागल्या. सई नाही हसली. तिने ट्रे खाली ठेवला. "बाबा, मी काय लाच देतेय? तुला वाटतं मी अशी आहे?"

"तुझ्या मनात तसं काही नाही हे मला कळतं गं," साडू घायकुतीला येऊन म्हणाले, "पण उद्या कोणी तक्रार केली, तर तू निवडून आल्यावर तुझी जागा जाईल ना!"

सई त्यांच्याकडे बघत राहिली. "मी निवडून येणार असं वाटतं तुला?"

साडूंनी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. इतका उघडा पडलेला सरकारी माणूस मी दुसरा पाहिला नाही. "मी... तसं काहीही म्हटलेलं नाही," ते म्हणाले आणि बॅग उचलून जिन्याने वर गेले. खाली सई डोळे पुसत हसत होती. काकूंनी पन्हं परत केलं आणि नळाचं पाणी मागून घेतलं.

सई हरली. थोडक्यात हरली, म्हणजे जास्त लागतं त्या प्रकारे. निकालाच्या दुपारी मी त्यांच्याच घरी होतो. साडूंनी रजा काढली होती आणि सकाळपासून ते बागेत एकच कुंडी इकडून तिकडे हलवत होते. सई आली, बूट काढून जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. मी मनात म्हटलं, निवडणूक संपली, आता बोला. इतके आठवडे गिळलेलं सगळं बोला, आता ऑफिसही काही म्हणणार नाही.

साडू तिच्याजवळ आले. मग वाकून तिचा एक बूट उचलला, उलटा केला आणि झिजून पातळ झालेल्या तळव्यावरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिले.

"फार चाललीस गं," ते म्हणाले.