हवेला वाट

टक्. एवढाच आवाज झाला. दिग्विजयच्या लॅपटॉपच्या जाळीला मी आमचा व्हॅक्यूम क्लीनर लावला होता. आतला पंखा भिंगरीसारखा सुटला आणि "बघ, कसा मोकळा झाला!" असं मी कौतुकानं म्हणेपर्यंत त्याचं एक पातं तुटून जाळीबाहेर आलं. मोबाइलवरच्या व्हिडिओत हाच प्रयोग करणारा माणूस शेवटी हसत होता. का हसत होता, ते मला तेव्हा कळलं.

"या यंत्रानं आपल्या घरातला कचरा काढायचं कधी सुचलं नाही ते!" आमची बायको दारातून म्हणाली.

एरवी मी उत्तर दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी अकराला दिग्विजयचा इंटरव्ह्यू होता, आणि तो याच लॅपटॉपवर व्हायचा होता.

दिग्विजय आमच्या समोरच्या ब्लॉकमधला. कंपनीनं त्याला काढून दहा महिने झाले. कंपनीचा लॅपटॉप कंपनीत गेला आणि हा कॉलेजातला जुना हाताशी उरला. तो वीस मिनिटांत तव्यासारखा तापायचा आणि बंद पडायचा. आधीचे दोन इंटरव्ह्यू असेच मध्येच विझले. दुसऱ्यानंतर पोरगा तीन दिवस खोलीला आतून कडी लावून बसला, जेवला नाही. तेव्हा त्याचे वडील, रावसाहेब, माझ्याकडे आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"मास्तर, तुम्ही शिकलेलं. तेवढं मशीन बघा. ह्या टायमाला मधीच बंद पडलं, तर पोरगं हातचं जाईल माझ्या."

चित्रकला शिकवणाऱ्या माणसावर एवढा विश्वास ठेवू नये. पण ते ठेवून बसले होते.

नाव रावसाहेब, आणि एकतीस वर्षं मार्केट यार्डात पाठीवर पोती वाहिली. बारसं करणाऱ्या आत्याला विनोदबुद्धी असणार. आता पाठीची कमान झाली आहे. जमिनीकडे बघतच चालतात, म्हणून सोसायटीत कुणाची किल्ली पडली की सापडते ती त्यांनाच. घरपोच आणून देतात आणि चहा नको म्हणून उंबऱ्यावरूनच परत जातात. दिग्विजयची आई, कौशल्यावहिनी, गेल्यापासून चार वर्षं घरात बापलेक दोघंच. एक खाली बघणारा, दुसरा भिंतीकडे.

मी लॅपटॉप काखेत आणि तुटलेलं पातं तळहातावर घेऊन त्यांच्याकडे गेलो. रागावतील म्हणून दोन वाक्यं तयार ठेवली होती. त्यांनी पातं बघितलं, खिशात टाकलं आणि विचारलं, "नवा पंखा?"

"चार दिवसांनी मिळेल म्हणतायत."

"उद्या अकरा वाजता लागतोय." एवढं बोलून त्यांनी लॅपटॉप उचलला, पालथा केला आणि पोटाखाली हात फिरवला. "कांद्याच्या थप्पीसारखंच हाय हे. गोणी खेटून लावल्या की माल आतनं तापतो, सडतो. वरनं हात लावून काय कळत न्हाई. मधी हवेला वाट ठेवावी लागती."

"अप्पा, नका हात लावू," दिग्विजय पलंगावरून म्हणाला. "जाऊ दे. इट्स ओके. तसंही काय होणारे?"

"मास्तर, हे खालचं झाकण निघतंय का?"

"काका, तुम्ही फक्त लांब उभे राहा," दिग्विजय म्हणाला. दहा दिवसांत तो माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मला बरंच वाटलं.

चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरनं झाकण मीच उघडलं, दुपारच्या उजेडात, रावसाहेबांच्या देखरेखीखाली. आत धुळीचा जाड थर नमद्यासारखा बसला होता. त्यांनी तो जुन्या टूथब्रशनं चिमूट-चिमूट काढला. ज्या बोटांनी शंभर किलोची गोणी पेलली, त्या बोटांना एवढं हळू चालता येतं हे मला माहीत नव्हतं. मग झाकण न लावताच लॅपटॉप दोन पालथ्या वाट्यांवर ठेवला. उरलेल्या पात्यांवर पंखा लंगडत, खडखडत फिरला.

अर्धा तास टिकला. तो पुरणार नव्हता. टेबलफॅन लावून बघितला, तर मला चाचणीच्या कॉलवर फक्त वादळ ऐकू आलं.

"फॅन बंद करा," रावसाहेब म्हणाले, आणि खोक्याचा एक पुठ्ठा फाडून घेतला.

दुसऱ्या दिवशी अकराला दिग्विजय इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसला. रावसाहेब शेजारी जमिनीवर, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे. हात वर करून ते लॅपटॉपला पुठ्ठ्यानं वारा घालत होते. मी दारात. माझं काम एकच, कशालाही हात न लावणं. रावसाहेबांना इंग्रजीचा शब्द कळत नव्हता. पण पोराचा आवाज अडखळला की पुठ्ठा भरभर हलायचा. हात बदलायला ते थांबत नव्हते. आधी दुसऱ्या हातात पुठ्ठा यायचा, मग पहिला खाली जायचा. बावन्न मिनिटं. लॅपटॉप बंद पडला नाही. समोरचा माणूस गोड हसून "कळवतो" म्हणाला.

चार दिवसांचा म्हटलेला नवा पंखा आठव्या दिवशी मिळाला, तो घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्याच सकाळी मेल आला होता. दोन ओळींचा, अतिशय सभ्य नकार.

"पुढचा असेल की रे," मी म्हणालो. "आता मशीन ठणठणीत होतंय."

दिग्विजयनं मान हलवली, खोलीत गेला आणि दार ओढून घेतलं. दार चार बोटं परत उघडलं. त्यानं पुन्हा ओढलं, ते पुन्हा उघडलं. दुरुस्तीची माझी खोड गेलेली नाही. मी जवळ जाऊन बघितलं. आतल्या बाजूला कडीच्या जागी चार स्क्रूंची भोकं होती, लाकूड अजून पांढरं, ताजं.

"अहो रावसाहेब, कडी निखळली वाटतं. घाबरू नका, मी हात लावत नाही, सुताराकडूनच बसवून घेऊ."

त्यांनी खालीच बघत नव्या पंख्याची पिशवी उघडली.

"मीच काढलीया ती."