दादाचा हिस्सा

दादा, मी बालाघाट सोडलं त्या सकाळी तू मला गोंदियापर्यंत पोचवायला आला होतास. मी एकटा गेलो असतो, पण बाबांनी तुला सोबत धाडलं आणि तू वाटभर माझ्या पेटीवर पाय टाकून घोरत पडलास. गोंदियाला गाडी बदलायची होती. फलाटावर मला एकाएकी रडू फुटलं. आई गेलेली, बाबा एकटे, त्यांचं कसं होईल, असलं काहीतरी मी बडबडत होतो. तू माझ्या हातात पाण्याची बाटली कोंबलीस आणि म्हणालास, "तू जाय बिनधास्त. मी आहो ना इथं."

त्या भरवशावर मी बंगळूरला नोकरी धरली, लग्न केलं, फ्लॅटचं कर्ज काढलं. घरी कोणीतरी आहे म्हटलं की माणूस कितीही लांब राहू शकतो. पुढे तुझं लग्न झालं, वहिनी आली आणि मी पुरता निर्धास्त झालो. बाबांना दवाखान्यात न्यायचं तू, पावसाआधी कौलं फेरायची तू, नगरपालिकेत नळासाठी भांडायचं तू. मी दिवाळीला चाकांची बॅग ओढत यायचो, चार दिवस लाड करून घ्यायचो आणि परत जायचो.

मग एक दिवस तू कटंगीला जाऊन येतो म्हणून घरून निघालास आणि आलाच नाहीस. भांडण झालं नव्हतं, कोणाचं देणं नव्हतं, घरातलं काही नेलं नव्हतंस. लोकांनी आपापल्या परीने तुझ्या गोष्टी रचल्या. कोणी तुला साधू केलं, कोणी रायपूरला दुसरा संसार थाटून दिला, कोणी वैनगंगेकडे बोट दाखवलं. बाबांनी पोलीस कोतवालीत तू हरवल्याची, गुमशुदगीची रिपोर्ट लिहवली, नागपूर-तुमसरचे दवाखाने पालथे घातले आणि थकले. मी फोनवर विषय काढला की एवढंच म्हणायचे, "तो येतो म्हणून गेला हाय." त्यापुढे बोलणं सरकायचं नाही.

मृत्युपत्र करा असं त्यांना कितीकांनी सांगितलं. त्यांनी ते केलं नाही. जन्मभर वनविभागात बाबूगिरी केलेला माणूस, सरकारी कागदाला भिणारा नव्हता. पण मृत्युपत्र म्हटलं की तुझं नाव लिहावं लागणार, नाहीतर गाळावं लागणार, आणि या दोन्हीला त्यांचा हात धजावला नाही. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हा घर त्यांच्या नावावर, बँकेतली ठेव त्यांच्या नावावर, आणि त्यांची पेन्शन, जिच्यावर वहिनीची चूल पेटत होती, ती त्यांच्याबरोबरच संपली.

तेराव्यानंतर मी वहिनीला घेऊन वकीलबाईंकडे गेलो. कचेरीच्या मागच्या गल्लीत त्यांचं ऑफिस आहे. शांत बाई, चष्मा कपाळावर ठेवायची सवय. मला वाटलं होतं, दोघांची नावं चढवायची, सह्या करायच्या, आठवड्यात काम होऊन जाईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजावून सांगितलं की वारस दोनच, तू आणि मी. वहिनीचं नाव लागायचं तर ते तुझी विधवा म्हणूनच लागेल. तू जिवंत असलास तर तिचा त्या घरावर काहीच हक्क नाही, आणि तुझ्या वतीने सहीही तिला करता येत नाही. उद्या माझं काही बरंवाईट झालं तर माझ्या हिश्श्याला माझी बायको-मुलं वारस होतील, वहिनीला मात्र त्या घरात कागदावर पाय ठेवायला जागा नाही. "भाई साहब, फाइल में आदमी या तो ज़िंदा होता है या मृत," त्या म्हणाल्या. "बीच का खाना नहीं है." मधला रकानाच नाही.

उपाय एकच होता. सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं कोर्टाकडून जाहीर करून घ्यायचं. तुला जाऊन त्याहून जास्त काळ लोटला होता. दावा वहिनीच्या नावाने टाकायचा, पेपरात सूचना द्यायची, साक्ष द्यायची. मी वहिनीकडे बघायचं टाळलं. तिने हिंदीत विचारलं की सूचनेत फोटो छापता येईल का. वकीलबाई हो म्हणाल्या.

दादा, गंमत अशी झाली की कोर्टाने ती सूचना तुझा निकाल लावायला मागितली होती, आणि वहिनी ती तुला शोधायला निघाली. वकीलबाईंना पासपोर्टचा फोटो हवा होता. वहिनीने हसतानाचा दिला, कारण गंभीर चेहऱ्याने तुला कोणी ओळखणार नाही म्हणे. बालाघाटच्या पेपरात दिलं की कायद्याचं भागत होतं. ते तिला पटेना. "बालाघाटात असते तं घरीच आले नसते काय?" ती मला म्हणाली. तेव्हा नागपूरच्या मराठी पेपरात दिली, रायपूरच्या हिंदी पेपरात दिली. इकडची माणसं कामाला जातात म्हणून तिने मला सुरतसुद्धा सुचवलं होतं, मी नाही म्हटलं तेव्हा दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

आणि फोन आला. तुमसरहून एक दुकानदार बोलत होता. फोटोसारखा एक माणूस तिथल्या राइस मिलवर हमाली करतो, गावाचं नाव सांगत नाही, म्हणाला. आम्ही कटंगीच्या बसने निघालो, तिथून तुमसरची बस धरली. वहिनी इस्त्रीची साडी नेसली होती. धान कापून झालेली शेतं खिडकीतून मागे पडत होती. तू सापडावास असं मला वाटत होतंच. पण तूच निघालास तर तुझ्या थोबाडीत मारू का गळ्यात पडू, हे मला ठरवता येत नव्हतं, आणि खरं सांगतो, मला भीतीच जास्त वाटत होती.

तो तू नव्हतास. उंची तुझी, कपाळ थोडं तुझं, बाकी कोणी वेगळाच. डोक्यावर बसलेला धानाचा कोंडा झटकत तो बाहेर आला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे टक लावून बघत राहिलो तेव्हा बिचारा घाबरला. मी माफी मागून वळलो. वहिनी तिथेच उभी राहिली. तिने त्याला गाव विचारलं, त्याने हातानेच कुठेतरी लांब दाखवलं. घरी कोण आहे विचारलं, तेव्हा त्याने मान खाली घातली. "घरी एक फोन लावा, दादा," ती म्हणाली. "बाकी काही नका सांगू. मी आहो, एवढं सांगा." परतीच्या बसमध्ये ती सगळी वाट पदर तोंडाशी धरून रडली आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो. मलाही रडायचं होतं. जमलं नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी वकीलबाईंनी वहिनीला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितलं की उद्या मंगळसूत्र घरी ठेवलं तर बरं, टिकलीही नको. कायद्यात तसं काही नाही, पण बघणाऱ्याला विसंगत दिसतं. वाईट नव्हत्या त्या, काम व्हावं म्हणूनच सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी वहिनी आली ती रोजच्यासारखी, कुंकू लावून, मंगळसूत्र पदरावर काढून. वकीलबाईंनी एकदा बघितलं आणि फाइल उघडली.

आत विचारलं गेलं की तुमचे पती आता हयात नाहीत असं तुम्हाला वाटतं का. ती कठड्याला धरून उभी होती. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार आणि सगळं मुसळ केरात. तिने सावकाश सांगितलं, "वो नहीं रहे, ऐसा मैं नहीं कहती, साहब. इतने बरस में उनकी कोई खबर नहीं आई, इतना कहती हूँ." वकीलबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. कायद्याला एवढंच हवं होतं.

माझीही साक्ष झाली. मी तुझा सख्खा भाऊ, आणि तुझी कसलीही खबर मला नाही, असं शपथेवर सांगितलं. खरंच होतं ते. तरी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं तेव्हा तुला मी स्वतःच्या हाताने खड्ड्यात लोटल्यासारखं वाटत होतं. बाबा असते तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं.

हुकूम झाला. गल्लीतल्या बायका तोंडं पाडून येऊन गेल्या. गुरुजी म्हणाले, शास्त्राप्रमाणे बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायचं, मनाची तयारी ठेवा. वहिनीने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, कोर्टाचं ते कोर्टापुरतं. नगरपालिकेत घर आम्हा दोघांच्या नावावर चढलं. बँकेची ठेव सगळी तिला दिली, त्यावर माझ्या बायकोनेही हू का चू केलं नाही.

मग मी व्यवहाराचं बोललो. घराला गिऱ्हाईक होतं, किंमत बरी देत होता. वहिनीच्या बहिणीजवळ नागपूरला तिच्यापुरता छोटा फ्लॅट आला असता, नाहीतर माझ्याकडे बंगळूरला खोली होतीच. आमच्या सोसायटीत काळजी नाही, गेटवर कोणी आलं तर आधी मोबाइलवर विचारणा येते, होकार दिल्याशिवाय कोणाला आत सोडत नाहीत, असं मी तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं. अंगणात तांदूळ निवडत होती. हात थांबवला नाही तिने.

"नाही विकायचं, भाऊजी," ती म्हणाली. "अर्धं माह्यं हाय ना आता?"

"हौ, तुमचं आहे," मी म्हटलं. "पण एकटीनं इथं काहून राहता?"

"त्यायले दुसरा पत्ता मालूम नाही."

परवा इथे बंगळूरला कोणीतरी विचारलं, तुमचं घर कुठे. मी बालाघाट म्हणालो, आणि पुढचं विचारतील म्हणून घाईने उठलो. दादा, त्या घरातला तुझा हिस्सा आता रीतसर तुझ्या विधवेच्या नावावर आहे. ती तिथे तुझी वाट बघते.