वासू मागे सरकतो

ग्राउंडसमोर दुकान टाकलं की खिळ्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. खिळे निदान विकले तरी जातात! माझं हार्डवेअरचं दुकान आलापल्लीत, बास्केटबॉलच्या ग्राउंडला लागून. त्यामुळे आमच्या टीमच्या वासूचे किस्से आपोआप माझ्याकडे जमा झाले.

*

वासू सागवानाच्या डेपोत ट्रकवर लाकडं चढवायचा. एकदा दुकानात आला आणि छताला टांगलेली बादली काठी न घेता काढली. कोच मडावी सर तिथेच उभे होते. म्हणाले, "भाऊ, बादली राहू द्या. मले हा मानूस पायजे!"

*

पहिलीच मॅच. बॉल रिंगला लागून उलटला. वासूनं काय चपळ उडी मारली म्हणता! पण मागे!

सर ओरडले, "काऊन रे, भेतं का?"

"भेत नाई सर. डेपोत वरून काही आलं का आधी मागं सरतेत. मंग पायतेत, काय होतं ते!"

सर म्हणाले, "असंच केलं तं गडचिरोलीच्या फायनलले बेंचवर बसशीन."

वासूचा चेहरा उतरला. फायनल बघायला त्याची बायको सुनंदा पहिल्यांदाच येणार होती. "तिले सांगतलं हाये सर, मी खेळतो म्हनून."

*

डिफेन्सला मात्र तोड नव्हती. समोरचा जिकडे वळेल, तिकडे हा हात पसरून आधीच हजर. चामोर्शीचा एक पोरगा वैतागून सरांनाच म्हणाला, "हे काय सर, नाक्यावरचं फाटक उखडून आनलं का?"

*

मग वासूची मागे सरकायची सवय मोडायला मीच अक्कल चालवली. गच्चीवरून बॉल टाकायचा, वासूनं उडी मारून झेलायचा. टाकला. वासू मागे, बॉल माझ्या पेंटच्या डब्यांवर! रस्ताभर निळा रंग.

"भाऊ, मी तं सरकलो होतो. डब्यायले सांगाले पायजे होतं!"

*

फायनलला वासू बेंचवरच. सुनंदा माझ्या शेजारी. शेवटी आमचा दुसरा उंच गडी पाच फाउल होऊन बाहेर गेला आणि सरांनी नाइलाजानं वासूला उतरवलं.

आम्ही एका पॉइंटनं पुढे. समोरच्यांचा शेवटचा शॉट रिंगला लागून उलटला. वासू सवयीनं मागे सरकला. त्याच्या पाठीशी उड्या मारायला टपलेले त्यांचे दोन्ही उंच गडी त्याच्यासोबत मागे रेटले जात लाइनच्या बाहेर! बॉल मोकळ्या जागेत पडला, आमच्या बुटक्या पंकजनं उचलला, मॅच संपल्याची शिट्टी वाजली.

पोरांनी वासूला खांद्यावर घेतलं. सर सगळ्यात पुढे.

सुनंदा माझ्याकडे वळली. "भाऊ, यायनं तं बॉलले हातबी नाई लावला. मंग सारे यायलेच काऊन उचलून राह्यले?"