सावलीची जागा

हेडमास्तरांच्या खोलीत खुर्च्या रिकाम्या होत्या. मी उभा होतो. माझी नात सारिका माझ्या सदऱ्याचं टोक धरून उभी होती. बसा, असं कुणी म्हटलं न्हाई.

पीटीचे सर टेबलाला टेकले होते. हेडमास्तर त्यांच्याकडं बघून म्हणाले, "विचारा आजोबांना, आज जिलेबी आणली का."

दोघं हसले. दारातला शिपाईही हसला.

जिलेबीचं असं. सारिका तेव्हा सातवीला. तिचं अर्धं डोकं ठणकायचं. उजेड सोसायचा न्हाई, उलट्या व्हायच्या. आमच्याकडं त्याला अर्धशिशी म्हणतात. अर्धशिशीला दिस उगवायच्या आत दूध-जिलेबी खायला घालायची, ही रीत. माझ्या आईनं मला घातली, मी नातीला घातली. भोरच्या बाजारातनं आणायचो, उत्रोलीत घरी येईस्तोवर कागद पाकानं चिकट व्हायचा. उतार पडला न्हाई. पोरीनं एका मैत्रिणीला सांगितलं आन् शाळाभर झालं. पोरं तिला जिलेबी म्हणायला लागली. मग मास्तरही.

शेवटी भोरात डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, शाळेसाठी चिठ्ठी लिहिली. म्हणाल्या, "आजोबा, पोरीला उन्हात उभं करू देऊ नका. डोकं उठलं की अंधारात पडू द्यायचं. पेपराच्या दिवशी दुखलं तर पेपर नंतर घ्यायला सांगा."

एवढंच मागायला मी त्या खोलीत गेलो होतो. आदल्या दिवशी प्रार्थनेच्या ओळीत, मैदानावर, पोर उन्हात पडली होती. पीटीच्या सरांनी तिला उठवून परत ओळीत उभं केलं होतं.

हेडमास्तरांनी चिठ्ठी वाचली. इंग्रजीत होती.

"कळतंय का काय लिहिलंय?"

"बाईंनी सांगितलंय."

"जिलेबीनं बरं होणारं दुखणं. लाड म्हणतात याला. हिला सावली दिली तर उद्या अख्खी शाळा सावलीत बसेल. भात लावताना नाही का दुखत हिचं डोकं?"

"दुखतंय की. तवा घरी धाडतो."

"मग घरीच ठेवा."

आमच्या घरात सातवीपर्यंत आलेली ती पहिली. मला सही करता येते, तेवढंच. घरीच ठेवा म्हणजे काय, ते मला नीट कळत होतं.

आमच्यात बोलणं खुंटलं की एकच उरतं. डोक्याचा पटका काढायचा आन् समोरच्याच्या पायावर ठेवायचा. माझ्या बापानं एकदा एका अंमलदाराच्या पायावर ठेवला होता. त्यानं तो बुटानं बाजूला सारला. बापानं तो उचलला. पटका झटकला, परत बांधला, आम्ही घरी आलो.

माझा हात आपसूक डोक्याकडं गेला. हेडमास्तरांनी ते बघितलं. खुर्ची जरा मागं घेतली आन् पाय पुढं केले.

त्यांना रीत ठाऊक होती. वाट बघत होते.

राग आला म्हणावं तर तसं न्हाई. दात काढायच्या आधी सुई टोचल्यावर गाल बधिर होतो, तसं आतनं झालं होतं. पटका हातात होता. सारिकानं डोळे गच्च मिटले होते, खिडकीतला उजेड तिला सोसत नव्हता. तो पटका म्या तिच्या डोक्याला बांधला, डोळ्यांवरनं. तिला एका खुर्चीवर बसवलं. शेजारच्या खुर्चीवर मी बसलो.

"आता बोला," म्हटलं.

"आधी उठा," पीटीचे सर म्हणाले.

"न्हाई उठत."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला मी तिला ओळीतनं काढलं आन् व्हरांड्यात सावलीला बसवलं. पटका तिच्या डोक्याला. मी बोडका, तिच्या शेजारी. शिपाई आला. "आज्जा, साहेब रागावत्यात." म्हटलं, रागवू दे. रोज तसंच. आमच्याकडं माणूस बोडका हिंडतो तो घरात मयत झाल्यावर. रस्त्यात लोक विचारायचे, "आबा, कोण गेलं?" मी म्हणायचो, "कुणी न्हाई. शाळेला निघालोय."

सावली तेवढी झाली. त्यांनी दिली न्हाई, आम्ही घेतली. पेपर मात्र नंतर घेतला न्हाई. गणिताच्या दिवशी तिचं डोकं उठलं, ती कोरा कागद देऊन बाहेर आली. सातवीला परत बसली.

आता धाकट्या नातीचं डोकं दुखायला लागलंय. तसंच, अर्धं. शाळा तीच आहे, हेडमास्तर दुसरे आलेत. सून म्हणते, "मामंजी, जरा गोडीनं बोला."

उद्या सकाळी जातो. डोक्याला काय बांधणार न्हाई, म्हणजे काढायचा प्रश्न न्हाई. आधी खुर्चीवर बसतो. मग बोलतो. सावली आन् पेपर, दोन्ही लिहून घेतल्याबिगर उठत न्हाई.